आईच्या नजरी नकाशात नसलेली इमारत

आई महापालिकेच्या शाळेत शिक्षिका होती. जनगणनेच्या कामावर असताना तिने मुलुंडच्या गल्ल्यांचे नजरी नकाशे काढले होते, म्हणजे मोजमाप न करता, चालत पाहून काढलेले. विस्मरणाचा आजार सुरू झाला आणि डॉक्टरांनी तिला एकटीने फार फिरू नका, असे सांगितले. तिने बँक सोडली, बाजार सोडला. दर गुरुवारी दुपारी मावशीकडे, म्हणजे तिच्या धाकट्या बहिणीकडे, एकटीने चालत जाणे मात्र सोडायला ती तयार नव्हती. अंतर पंधरा मिनिटांचे.

मी तिच्या फोनवर रस्ता लावून दिला. फोन बोलायला लागला की ती ऐकायला थांबायची. ऐकून झाले की कुठे वळायचे ते विसरायची. शेवटी तिने एका पाठकोऱ्या कागदावर स्वतःच नकाशा काढला. उत्तरेचा बाण, इस्त्रीवाला, पिठाची गिरणी, दत्ताचे देऊळ, मावशीची इमारत.

मावशीने तो पाहिला. "माझ्याकडे यायला नकाशा? पंचनामा करतेस की काय गं ताई?"

"तुझा जिना बघून करावासा वाटतो. कधी झाडलेला नसतो."

चार गुरुवार ती गेली आणि आली. पाचव्या गुरुवारी संध्याकाळी मावशीचा फोन आला. ताईला निघून तास झाला, पोचली ना?

पोचली नव्हती. ती मला इस्त्रीवाल्याच्या टेबलापाशी सापडली. आमच्या फाटकापासून शंभर पावलांवर. कागद हातात उघडा होता. खुणा सगळ्या बरोबर होत्या. आमची इमारत त्यावर नव्हती. रस्ता इस्त्रीवाल्यापासूनच सुरू होत होता.

"आपलं घर नाही काढलंस?" मी विचारले.

"ते काय काढायचं? तिथूनच तर निघते ना मी."

इस्त्रीवाला म्हणाला, बाई बराच वेळ उभ्या आहेत, बसा म्हटलं तर बसत नाहीत.

घरी आल्यावर मी कागदाच्या कडेला एक चौकोन काढला आणि त्यात 'घर' लिहिले. जागा कमी होती, अक्षर बारीक आले. तिने चष्मा लावून वाचले.

पुढच्या गुरुवारी चप्पल घालून ती दारात थांबली. नकाशा माझ्याकडे देऊन म्हणाली, "तूच ने."

मावशीकडे पोचेपर्यंत ती माझ्या अर्धे पाऊल मागे चालली. प्रत्येक वळणावर मी वळेपर्यंत थांबत होती.