थोरल्या भावाचे दात

दिगंबर डॉक्टरांच्या दवाखान्याच्या मागच्या भिंतीला लागून एक आरामशीन होती. नागपूरच्या लकडगंजात त्याचे काही नवल नाही. तिथे जिकडे पाहावे तिकडे सागाचे ओंडके आणि हवेत भुसा. पण मशीन घर्रकन सुरू झाली, की डॉक्टर खुर्चीत आडव्या पडलेल्या पेशंटच्या कानाशी वाकत आणि म्हणत, "घाबरू नका, तुमच्याचसाठी लावली आहे." पेशंटच्या तोंडात कापूस कोंबलेला असे. त्याला हसता येत नसे आणि ओरडताही येत नसे. डॉक्टरांना नेमके तेच आवडे.

मी तेव्हा जवळच्या एका शाळेत शिकवत होतो आणि डॉक्टरांच्या माडीवर भाड्याने राहत होतो. खाली पुढच्या खोलीत दवाखाना, मधे एक काळोखी खोली, मागे स्वयंपाकघर. घरात डॉक्टर आणि त्यांची आई, जिला सगळे आजी म्हणत, एवढीच माणसे. डॉक्टरांनी लग्न केले नव्हते. कोणी विषय काढलाच तर म्हणत, "दिवसभर लोकांची तोंडं पाहतो. घरी आल्यावर अजून एक कायले?"

त्यांची जीभ म्हणजे एक वेगळे हत्यारच होते आणि ते कधी म्यान होत नसे. एक लाकडाचे व्यापारी दाढ धरून आले आणि आपल्या दुखण्याची सविस्तर कहाणी सांगू लागले. डॉक्टरांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "शेठजी, दात दुखून राहिला म्हणता, अन् जीभ तर मस्त चालून राहिली. नेमकं काय काढू?" एक सासू आपल्या नव्या सुनेला घेऊन आली होती. डॉक्टरांनी सुनेचे तोंड पाहिले आणि सासूला सांगितले, "हिचे दात किडले नाहीत, झिजले. झोपेत करकर चावते ही. कोणाचं नाव घेऊन चावते, ते आता तुम्हीच विचारा." ती पोर रडत बाहेर गेली. मला तेव्हा हसू आले होते, नंतर वाईट वाटले. डॉक्टरांच्या बाबतीत माझे नेहमी असेच व्हायचे.

तरी बाक रिकामा नसे, कारण हात असा हलका की दात निघाल्याचे पेशंटला ताटलीत आवाज झाल्यावर कळे. कामठीहून, उमरेडहून लोक सकाळच्या पहिल्या गाडीने यायचे, अपमान गिळायचे, दात ठेवून परत जायचे.

हे घर मूळचे कोष्ट्यांचे. डॉक्टरांचे वडील मागावर लुगडी विणत. थोरला मुलगा वसंता हुशार निघाला, इंजिनिअरिंगला लागला, तेव्हा वडिलांनी माग विकला आणि दुसऱ्याच्या मागावर मजुरीने बसले. आई लोकांच्या मागांसाठी सुताच्या कांड्या भरून देऊ लागली. वसंता शिकला, अमेरिकेला गेला आणि तिकडचाच झाला. धाकटा दिगू शिष्यवृत्तीवर आणि औषधाच्या दुकानात पुड्या बांधून दातांचा डॉक्टर झाला. आईला सांभाळले त्याने, आजारपणे काढली त्याने, वडिलांना खांदा दिला त्याने. आणि मधल्या खोलीत भिंतीवर पदवीच्या काळ्या झग्यातला फोटो होता वसंताचा. नवीन माणूस घरात आला की आजी त्याला हाताला धरून त्या फोटोपुढे उभे करत. "हा माहा वसंता. अमेरिकेत मोठा साहेब आहे." मग दवाखान्याच्या दाराकडे मान वळवून, "अन् तो दिगू. तो दात काढते."

डॉक्टरांनी धंदा सुरू केला, तेव्हा पहिली कवळी स्वतःच्या आईसाठी बनवली होती. आजींच्या तोंडात एकही दात उरला नव्हता. त्यांनी ती एकदा घातली, "टोचते गा," म्हणून काढली आणि पुन्हा कधी घातली नाही. गल्लीतले सगळे म्हातारे डॉक्टरांच्या कवळ्यांनी हरभरे फोडत होते आणि डॉक्टरांची आई भाकरी दुधात कुस्करून खात होती. डॉक्टरांना आयुष्यात एकच गोष्ट हवी होती: आईने भिंतीवरचा फोटो सोडून एकदा आपल्याकडे पाहावे. हे त्यांनी कधी बोलून दाखवले नाही, पण त्या घरात चार दिवस राहिलेल्या माणसालाही ते कळले असते.

आणीबाणी उठली, त्या वर्षी दिवाळीनंतर दवाखान्यात अमेरिकेहून फोन आला. मी बाकावर पेपर वाचत बसलो होतो. डॉक्टर बराच वेळ ओरडून बोलले, मग रिसीव्हर ठेवून माझ्याकडे वळले.

"मास्तर, भाऊ येऊन राहिला. इतक्या वर्षांनी."

"वा! आजींना किती आनंद होईल."

"होईल ना. पहिला प्रश्न काय विचारला, सांगू? पूर्ण कवळी बसवायले किती दिवस लागतात. तिकडं दातांचं काम एवढं महाग आहे म्हणे, की तेवढ्या पैशात इकडं येऊन, कवळी बसवून, वरून ताजमहाल पाहून होते. माय कशी आहे, हे विचारलंच नाही. अन् शेवटी म्हणते, आईला दातांचं सांगू नकोस, तिच्यासाठीच येतोय असं वाटू दे तिला."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, ये. तोंड घेऊन ये."

वसंतराव आले. माणूस वाईट नव्हता, हे सांगितले पाहिजे. मऊ बोलायचे, बोलताना तोंडासमोर रुमाल धरायचे, सगळ्यांसाठी ब्लेड आणि साबण आणले होते. बरेचसे दात तिकडेच गेले होते. उरलेसुरले डॉक्टरांनी पहिल्याच आठवड्यात काढले. मग हिरड्या सुकेपर्यंत थांबणे आले. तो महिना आजींच्या आयुष्यातला सगळ्यात सुखाचा महिना असावा. मायलेक दोघे बोळक्या तोंडाचे, स्वयंपाकघरात पाटावर शेजारी शेजारी बसून दूधभाकरी खायचे. आजी स्वतःच्या हाताने कुस्करून साहेबाच्या वाटीत घालायच्या. संत्र्याचे दिवस होते. एकेक फोड सोलून, बी काढून त्याच्या तोंडात द्यायच्या. मला जिन्यावरून हाक मारून दाखवायच्या, "पाह्य बाबू, मायच्या हातचं खायले लेकरू समुद्र ओलांडून आलं. दातांचं तर इथं आल्यावर निघालं, बरं झालं, घरचाच डॉक्टर आहे."

वसंतराव रुमालाआड काहीतरी पुटपुटायचे. डॉक्टर दारात उभे राहून हे ऐकायचे, मग दवाखान्यात परत जायचे. त्या महिन्यात पेशंटचे फार हाल झाले.

एक दिवस सकाळी ते मला म्हणाले, "मास्तर, शाळा सुटली की सरळ खाली या. आज भाऊच्या तोंडाचं माप घ्यायचं आहे. मजा दाखवतो."

मी गेलो. कवळीचे माप घेताना पत्र्याच्या साच्यात मऊ लगदा भरून तो तोंडात दाबून धरतात आणि लगदा घट्ट होईपर्यंत पेशंटला हलता येत नाही. बोलणे तर सोडाच. डॉक्टरांनी साचा भावाच्या तोंडात बसवला, एका हाताने वर दाबून धरला आणि मागे हाक दिली, "माय, इकडं ये वं जरा!"

आजी पदराला हात पुसत आल्या. बाकावर दोन पेशंट होते, मी होतो.

"माय, हा कायले आला, माहीत आहे तुले?" डॉक्टर म्हणाले. "हा दातांसाठी आला. तिकडं महाग पडते म्हणून. फोनवर त्यानं मले तुहं एका शब्दानं विचारलं नाही. कवळीले किती दिवस लागतात, एवढंच विचारलं. अन् तुले सांगू नको म्हणाला."

वसंतरावांच्या घशातून आवाज निघाला. हात खुर्चीवर आपटले.

"हलू नको, भाऊ," डॉक्टर अगदी गोड आवाजात म्हणाले, "हललास तर दात वाकडे येतील. मी खोटं बोलून राहिलो असेन तर फक्त एक हात वर कर. मी थांबतो."

मशीन बंद होती. वसंतरावांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते, ते लगद्यामुळे की कशामुळे, मला सांगता येणार नाही. हात काही वर आला नाही. मला त्या क्षणी डॉक्टरांचा संताप आला. माणसाला सुळावर देतानाही बोलू देतात. पण त्याच वेळी मी आजींकडे पाहत होतो, आणि खोटे कशाला बोलू, मलाही वाटत होते की आता तरी म्हातारीचे डोळे उघडावेत.

आजी खुर्चीजवळ गेल्या. थोरल्याच्या हनुवटीवरून लाळ गळत होती, ती त्यांनी पदराने पुसली. मग धाकट्याकडे पाहून म्हणाल्या, "किती वेळ असं ठेवशीन त्याले? जीव गुदमरून राहिला ना त्याचा. काढ ते पहिले."

एवढेच. आणि पुन्हा हनुवटी पुसू लागल्या.

डॉक्टरांनी साचा काढला. माप स्वच्छ आले होते. वसंतराव तोंड धुऊन मागे निघून गेले. डॉक्टर बराच वेळ ते माप उजेडात धरून उभे होते. नंतर बाक रिकामा झाल्यावर मला म्हणाले, "मास्तर, आता पाहा. अशी कवळी करून देतो, की याले पुन्हा नागपूरचं तोंड पाहायची गरजच पडू नये."

एरवी कवळीचे काम ते सीताबर्डीतल्या एका कारागिराकडे द्यायचे. ही त्यांनी स्वतः केली. मेणात दात बसवून पाहिले, मनासारखे झाले नाही म्हणून मोडले, पुन्हा बसवले. माणूस प्रेमाने जेवढे करणार नाही, तेवढे त्यांनी रागाने केले. कवळी बसवली त्या दिवशी वसंतरावांनी अंगणात उभे राहून पेरू खाल्ला, बियांसकट, आणि गहिवरून म्हणाले, "दिगू, अमेरिकेत असं काम होत नाही रे." चार दिवसांनी ते आईच्या पाया पडून निघाले. "येतो लवकर," म्हणाले. नवे दात फार शोभत होते.

ते काही आले नाहीत. पत्रे यायची. त्यात हवामान असायचे, मुलांची शाळा असायची आणि दात उत्तम आहेत, अजिबात त्रास नाही, असे हमखास असायचे. डॉक्टर ती पत्रे आजींना मोठ्याने वाचून दाखवायचे आणि दातांचे वाक्य दोनदा वाचायचे. आजी डोळे मिटून ऐकायच्या. पहिले वर्ष-दोन वर्षे त्या विचारायच्या, "येतो म्हणून लिहिलं का?" मग विचारणे बंद झाले.

पाच-सहा वर्षे गेली असतील. आजी अंथरुणाला खिळल्या होत्या. डॉक्टर दुपारी दवाखाना बंद करून त्यांना स्वतःच्या हाताने पेज भरवायचे. रविवार असला की मीही जाऊन बसायचो. अशाच एका दुपारी, दोन घास झाल्यावर आजींनी चमचा हाताने बाजूला सारला.

"दिगू, एक विचारू का गा?"

"विचार ना."

"तू एवढा हुशार डॉक्टर. मंग वसंताचे दात एवढे पक्के काहून केले? एखादा कच्चा ठेवाचा होता." त्यांना दम लागला, त्या थांबल्या. "दातांसाठी आल्ता तो, म्या काय समजली नाही का? तू सांगाच्या आधीच समजली होती. पण आल्ता ना. दात मोडला असता तर आला असता अजून एक खेप. तू त्याचं येणंच संपवून टाकलं."

डॉक्टरांनी बोलायला तोंड उघडले आणि पुन्हा मिटले. चमचा पेजेत बुडवून त्यांनी आईच्या ओठांना लावला. आजींनी तोंड फिरवले.

त्याच हिवाळ्यात आजी गेल्या. तिकडून तार आली, रजा मिळत नाही, मनाने तिथेच आहे. दिवस डॉक्टरांनी केले. तेराव्याला जेवणाऱ्या पंगतीत कोणाच्या तोंडातली कवळी नीट बसत नव्हती, तर त्यालाही त्यांनी टोमणा मारला नाही. तेव्हा मला पहिल्यांदा त्यांची काळजी वाटली.

उन्हाळ्यात मी नागपूर सोडले. बदली झाली होती. सामान बांधून डॉक्टरांचा निरोप घ्यायला खाली गेलो, तर ते फोनवर होते. पूर्वीसारखे ओरडत नव्हते, नुसते ऐकत होते. मग म्हणाले, "ये. ये ना. करून देतो," आणि रिसीव्हर ठेवला.

"भाऊ होता," ते म्हणाले. "कवळी ढिली झाली म्हणते. दोन वर्षांपासून खाली पावडर लावून चालवत होता. आता जेवताना निघून येते. थंडीत येतो म्हणाला."

"तुमचं काम इतकं चांगलं होतं, तरी?" असे काहीतरी मी विचारले.

"कामाचं काय घेऊन बसले, मास्तर? कवळी कितीही पक्की करा, खालचं हाड झिजत जाते. सगळ्यांचंच झिजते. पाच-सात वर्षांत माणूस परत येतेच. पहिल्या वर्षालेच शिकवतात आम्हाले हे." त्यांनी रिकाम्या खुर्चीचा हात फडक्याने पुसला, मग पुन्हा पुसला. "माय विचारून राहिली होती ना त्या दुपारी, तेव्हाही माहीत होतं मले. येईन वं तो, थोडी वाट पाह्य, एवढंच म्हणाचं होतं. तोंडात आलं होतं. म्या मुद्दाम नाही म्हटलं."