तलवार पूजेसाठी घरी गेली आहे

"वकीलसाहेब, लोक तलवारी मागताहेत," मी म्हणालो.

"कोणते लोक?"

"ज्यांच्या तलवारी आहेत ते."

खंडेनवमीची सकाळ होती. सत्तरच्या दशकातली गोष्ट. वडूजच्या नवरात्र उत्सवात आमच्या इतिहास मंडळाने पहिल्यांदाच भाग घेतला होता. शाळेच्या हॉलमध्ये आसपासच्या वाड्यावस्त्यांतल्या जुन्या तलवारी मांडल्या होत्या. मी मंडळाचा क्युरेटर, म्हणजे वस्तू साफ करणारा, मांडणारा आणि शेवटी कुलूप लावणारा. वकीलसाहेब अध्यक्ष. दुपारी प्रांतसाहेब प्रदर्शन बघायला यायचे होते. त्यांना ते पसंत पडलं, तर जुन्या कचेरीतली रिकामी खोली आम्हाला संग्रहालयासाठी मिळणार होती. नाही तर मंडळ परत वकीलसाहेबांच्या माळ्यावर आणि मी परत सांगलीला मेव्हण्याच्या दुकानात.

तलवारी लोनवर होत्या. लोन म्हणजे वस्तू ज्याची त्याचीच, काही दिवस फक्त दाखवायला आमच्याकडे. मी गंज उतरवून वरून मेणाचा पातळ हात दिला होता. मेण असलं की लोखंडाला ओल लागत नाही. दसरा झाल्यावर परत द्यायचं ठरलं होतं. गर्दी दसऱ्याला असते, म्हणून प्रदर्शन दसऱ्याला. खंडेनवमीला घरोघरी हत्यारं पुजतात हे मंडळात कुणाला माहीत नव्हतं असं नाही. वकीलसाहेब कायद्याची पुस्तकं पुजूनच आले होते. मीही सकाळी माझे ब्रश आणि मेणाचा डबा पाटावर मांडून फुलं वाहिली होती. दुसऱ्यांची हत्यारं आपण अडकवून ठेवलीत, हे मात्र एकाच्याही डोक्यात आलं नाही.

दारात सगळ्यांत पुढे हौसाबाई होत्या. जवळच्या वाडीवरच्या. नवरा नाही, एकुलता मुलगा फौजेत. त्या वर्षी सरहद्दीवर ताण होता, रजा बंद होत्या, आणि त्याची खुशाली बरेच दिवस कळली नव्हती.

"बाई, तलवार सध्या मंडळाच्या ताब्यात आहे," वकीलसाहेब म्हणाले. "उद्यापर्यंत हलवता येणार नाही."

"आवं, उद्या दसरा. पूजा आज हाय."

"मग इथेच करा. पाट देतो."

"देव घरात आन् पूजा शाळंत व्हय?"

"नियम आहे, बाई."

हौसाबाईंनी अंगणाकडे बघितलं. "ती झेंडूचा हार घातल्याली फटफटी कुणाची?"

फटफटी वकीलसाहेबांचीच होती.

"तुमची फटफटी पुजली. माजा ल्योक तिकडं बंदूक घिऊन हुबा हाय, आन् त्याच्या घरची तलवार बिनपुजंची ठिवू?"

मला लाज वाटली. खोलीही डोळ्यांसमोरून हलेना, पण मी किल्ली काढली.

"प्रांतांना काय दाखवणार?" वकीलसाहेबांनी हळूच विचारलं.

"शोकेस," मी म्हणालो.

तासाभरात हॉल रिकामा झाला. राहिली एक ढाल, ती वकीलसाहेबांच्या घरची. मग मी प्रत्येक शोकेसमध्ये पाटी लावली: तलवार पूजेसाठी घरी गेली आहे. संध्याकाळी परत येईल.

प्रांतसाहेब आले. हात मागे बांधून त्यांनी सगळ्या पाट्या वाचल्या. सगळ्यांवर एकच मजकूर होता, तरी एकही सोडली नाही. ढालीपाशी जरा जास्त थांबले.

"परत येतील याची खात्री आहे?"

"नाही, साहेब," मी म्हणालो. "त्यांच्याच आहेत."

"मग मी डाकबंगल्यावर थांबतो. संध्याकाळी बघू."

संध्याकाळी तलवारी आल्या. सोबत घरंच्या घरं आली, आपली तलवार काचेत कशी दिसते ते बघायला. पात्यांवर हळदकुंकू, मुठीत झेंडूच्या पाकळ्या. माझ्या मेणाचा मागमूस नव्हता. प्रांतसाहेबांना रांगेत उभं राहावं लागलं. बाहेर पडताना ते वकीलसाहेबांना म्हणाले, "खोली लहान पडेल हो तुम्हाला. पण सध्या तेवढीच आहे."

हौसाबाई शेवटी आल्या. पात्यावर पाची बोटांनी कुंकू ओढलेलं, अजून ओलं. मी कापूस हातात घेतला.

"पुसू नगा," त्या म्हणाल्या.

"बाई, ओल आहे. खालून गंज धरेल."

"धरू दे. ल्योक आला की त्योच पुसंल. आन् दसरा झाला तरी ऱ्हाऊ दे हितंच. घरात आसली की मी तिच्याकडंच बगत बसती."

बाकीच्या तलवारी मी दसऱ्यानंतर स्वच्छ करून परत दिल्या. ही आमच्याबरोबर कचेरीतल्या खोलीत आली. रोज झाडताना मी तिच्याकडे बघायचो. कुंकवाखालून गंज पसरत होता. हात शिवशिवायचे, पण लावला नाही. कापसाचा बोळा मात्र त्याच शोकेसमध्ये ठेवून दिला होता.

उन्हाळ्यात एक दिवस तो आला. बूट बाहेर काढून ठेवले. मी शोकेस उघडली. त्याने बोळा घेऊन सावकाश पातं पुसलं. कुंकू निघालं. खाली पोलादात त्याच्या आईची पाच बोटं उठली होती.

"हे निघंल का?" त्याने विचारलं.

"निघेल. दिवसभराचं काम आहे."

त्याने बोळा जागेवर ठेवला. मग स्वतःच काच लावून घेतली.

तेव्हापासून खंडेनवमीला आमचं संग्रहालय बंद असतं. पुढे मी बऱ्याच मुलांना हे काम शिकवलं. लोखंडाला ओलं कुंकू लागू द्यायचं नाही, हे पहिल्याच दिवशी सांगतो. सांगताना मी त्यांना त्या शोकेसकडे पाठ करून उभं करतो.