नसला तर?

स्पिरिटचा वास आला की लातूरची ती डायलिसिसची खोली आठवते. खिडक्या कायम बंद, वडिलांचा हात नळ्यांनी यंत्राला जोडलेला, अन् मी शेजारी नुसता बसून. एका दुपारी पलीकडच्या खाटेवरचे निलंग्याचे म्हातारे दुकानदार रडायला लागले. वडील म्हणाले, “भिऊ नका अप्पा. मरणाच्या पल्याड माझा येशू उभा हाय.” अप्पांनी विचारलं, “अन् नसला तर?” मला तिथून पळून जावंसं वाटलं, कारण माझ्याही मनात तोच प्रश्न होता. वडील म्हणाले, “तरी बी मी त्यालाच हाक मारीन.” पुढच्या महिन्यात वडील गेले. दफनाला अप्पा काठी टेकत आले आणि मूठभर माती टाकताना पुटपुटले, “भेटला असंल.” मला मात्र ते आजही इतक्या सहज म्हणता येत नाही.