कधीच न पडणारा खटका

दादामियाँचा हात फिरला की त्या घरातली लाईट जात नाही, असं बिबवेवाडीत लोक कौतुकाने म्हणत. चाळीस वर्षं वायरिंग केलेला माणूस. बोलणं मोजकं, काम नेटकं, बोर्ड बसवला की भिंतीवर पेन्सिलीची रेघसुद्धा राहायची नाही. ही ख्याती कशावर उभी आहे, हे मात्र त्यांच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं.

पावसाळ्यात कुठेतरी ओल शिरते, करंट गळायला लागतो आणि बोर्डातला ईएलसीबीचा खटका पडून घरभराची लाईट जाते. तो असतोच त्यासाठी. माणसाच्या अंगातून करंट जायला लागला, तर हाच खटका पडून जीव वाचवतो. पण ऐन मालिकेत लाईट गेली की जिवाचं कुणाला काय पडलंय? दिवसाला चार-चार फोन. दादामियाँ सुरुवातीला ओल शोधत बसायचे. मग कंटाळले. खटक्यात येणारी आणि बाहेर पडणारी वायर आतल्या आत जोडायची, झाकण लावायचं. खटका जागेवर, दांडी वर, लाईट चोवीस तास. असं किती घरांत केलं, ते त्यांनाही धड आठवत नव्हतं. त्यातलं एक घर रावसाहेबांचं.

रावसाहेब स्वारगेट डेपोतून निवृत्त झालेले. बंगल्यामागे उघड्यावर नळ, आणि नळापासून हातभर अंतरावर सॉकेट. कपडे धुवायच्या मशीनची नळी आणि वायर दोन्ही पोचायला हव्यात, असं त्यांच्या पत्नी गोदाबाई म्हणाल्या आणि दादामियाँनी ते तिथेच बसवून दिलं. तीन वर्षांपूर्वीच्या श्रावणात त्यांची सून दीपमाला ओल्या फरशीवर अनवाणी उभी राहून मशीनमधले कपडे काढायला गेली आणि मशीनला चिकटली. खटका पडला नाही. पंचनाम्यात दोष मशीनवर आला, बोर्ड उघडून बघायचं कुणाला सुचलं नाही. मशीन जुनी होती. बाप नको म्हणत असताना मुलाने, सार्थकने, ओळखीतून आणलेली. तेराव्याला रावसाहेब चार माणसांसमोर त्याला म्हणाले, "तिला तू मारलंस." सार्थक आपल्या लहान मुलीला घेऊन धायरीला राहायला गेला. तेव्हापासून बापलेकांत एक शब्द नाही.

त्याच तेराव्याला दादामियाँ कोपऱ्यात उभे होते. रावसाहेबांनी उलट त्यांच्याच खांद्यावर हात ठेवला आणि तुमच्या कामात खोट नव्हती हो, असं सांगितलं. दादामियाँनी मान हलवली. घरी येऊन त्यांनी पक्कड-टेस्टरची पिशवी माळ्यावर टाकली.

पण काम सोडलं म्हणून ते काम त्यांना थोडंच सोडणार होतं? मशिदीत नमाजाआधी हातपाय धुवायला, वजू करायला बसले की ते आधी नळाला बोटांची उलटी बाजू लावून पाहत आणि मगच तो उघडत. मागे ताटकळलेली पोरं म्हणत, चाचा, नल है, साप नहीं. तेही हसत. घरीही तसंच, पत्नी परवीनने विचारणं सोडून दिलं होतं. जिथे आसपास एकही वायर नाही अशा ठिकाणी ओल्या लोखंडाला हात लागला तरी बोटांतून झिणझिण्या निघत. रस्त्याने जाताना कुणाच्या दारात बाई अनवाणी धुणं धुताना दिसली की ते मान फिरवत, आणि फिरवलेल्या मानेलाही तीच ओली पावलं दिसत.

आठवतील त्या घरी जाऊन, सहज तपासतो म्हणत, त्यांनी ते जोड काढले. पुन्हा लाईट जायला लागल्यावर लोक म्हणाले, म्हाताऱ्याचा हात गेला. एकाच घरात जायची हिंमत झाली नाही. तिथला जोड तसाच होता. त्याच्या भरवशावर दोन म्हातारी माणसं रोज त्याच नळाखाली हात धुतात, हे त्यांना रात्रंदिवस माहीत होतं.

यंदा गोदाबाईंचा फोन आला. मनगटं दुखतात, पिळणं होत नाही, नवीन मशीन आणतोय, त्याच जागी. दादामियाँशिवाय कुणाला बोर्डाला हात लावू द्यायचा नाही, असं साहेबांचं म्हणणं होतं.

ते गेले. झाकण उघडलं. आत त्यांच्याच हाताचा जोड होता, टेपची घडीसुद्धा अजून सरळ. तो कापून त्यांनी नवा खटका बसवला आणि मागचं सॉकेट चालू केलं. खटका पडला. पुन्हा वर केला, पुन्हा पडला. नळाजवळच्या सॉकेटमध्ये पाणी झिरपत होतं, आणि ते किती वर्षं झिरपत होतं ते देवाला ठाऊक.

रावसाहेब चहा घेऊन शेजारी येऊन उभे राहिले. म्हणाले, "नवीन वस्तूंचं हे असं असतं. आपला जुना बरा होता. इतक्या वर्षांत एकदाही पडला नाही."

दादामियाँनी चहा घेतला नाही.

"तो पडला असता तर दीपमाला वाचली असती," ते म्हणाले. "मी तो आतून जोडून निकामी केला होता, रावसाहेब. मशीन कुणाचीही असती तरी तो पडायला हवा होता. सार्थकने नाही मारलं तिला."

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. रावसाहेबांनी कप खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. आता ते ओरडतील, हात उगारतील, म्हणून दादामियाँ मान खाली घालून उभे राहिले. खरं तर तीन वर्षं ते त्याचीच वाट बघत होते.

रावसाहेब ओरडले नाहीत. त्यांनी खिशातून फोन काढला, नंबर लावला आणि फोन दादामियाँच्या हातात दिला.

"मला नका सांगू," ते म्हणाले. "त्याला सांगा."

दादामियाँनी फोन कानाला लावला. दुसऱ्या रिंगलाच पलीकडून सार्थकचा घाबरलेला आवाज आला, "बाबा? आई बरी आहे ना?"