लढाई नको म्हणणाऱ्या बायकांच्या गावात

ऑक्टोबरातही आमच्या वाळवंटातल्या चँडलरला एसी बंद करवत नाही, म्हणून लाँग वीकेंडला लेकीकडे बॉस्टनला जायचं ठरवलं. रेवा तिथं इतिहास शिकते. "रंगलेली पानं बघू आई, पण आधी माझं एक म्युझियम," ही तिची अट.

बॉस्टनहून पश्चिमेला दीड तासाचा ड्राइव्ह. शेवटी हायवे सोडून आतल्या रस्त्यानं जा. मेपल लालभडक झालेले असतात. म्युझियम म्हणजे चर्चमागची एक खोली. फक्त शनिवारी दुपारी उघडी, प्रवेश फुकट. शेजारच्या बेकरीतला ॲपल पाय चुकवू नका.

ऐंशीच्या घरातल्या एक बाई सगळं दाखवतात. एकोणिसाव्या शतकात सीमेच्या भांडणावरून इंग्लंड-अमेरिकेत लढाई पेटायची वेळ आली होती. तेव्हा इथल्या बायकांनी इंग्लंडमधल्या एका गावच्या बायकांना पत्र पाठवलं, की आमच्या माणसांना तुमच्या माणसांवर गोळ्या झाडायच्या नाहीत. खाली सह्या; लिहिता न येणाऱ्यांच्या फुल्या. तिकडून उत्तरही आलं. रेवा काचेला नाक लावून वाचत होती.

"तुम्ही काय करता?" बाईंनी मला विचारलं.

क्षेपणास्त्रांना वाट दाखवणाऱ्या चिप्स मी तपासते. गेली अकरा वर्षं.

"फोनच्या चिप्स," मी म्हणाले.

"वा! या बायकांना फोन फार आवडला असता," त्या हसल्या. रेवानं मान वर केली नाही.

गाडीत म्हणाली, "व्हाय डिड यू लाय, आई?"

"कामाची लाज वाटली."

"अँड लाइंग वॉज ओके?"

मी गाडी वळवली. बाई दाराला कुलूप लावत होत्या. त्यांना खरं सांगितलं तेव्हा माझे कान तापले होते. त्यांनी किल्ली पर्समध्ये टाकली. मग म्हणाल्या, "सही करणाऱ्यांतल्या एकीचा नवरा बंदुकांच्या कारखान्यात होता."

"मग सोडली त्यानं नोकरी?"

"नाही. दुसऱ्या दिवशी कामावर गेला."

त्या रागावल्या नाहीत, समजूतही घातली नाही. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

परत येऊन तीन आठवडे झाले. रेवाचा फोन येतो, पण 'ऑफिस कसं होतं?' असं ती आता विचारत नाही. मीही आपणहून सांगत नाही. काल लंचला टीमनं फोटो मागितले. मी झाडांचेच दाखवले. पुण्याचा निखिल म्हणाला, "कसलं भारी यार! गाव कुठलं हे?"

"आठवत नाही," मी म्हणाले.