ताटात उरलेला बोल्ट

बबन भुवड गाड्यांची इंजिनं बदलतो. म्हणजे जुन्या गाडीचं थकलेलं इंजिन उतरवायचं आणि दुसरं दमदार इंजिन तिच्या पोटात बसवायचं. सांगायला एक वाक्य, करायला चार महिने. भाईंदर पूर्वेला नवघर रोडच्या आतल्या गल्लीत त्याचा गाळा आहे आणि त्याच इमारतीत पहिल्या मजल्यावर घर. रत्नागिरीहून आला तेव्हा अठराचा होता, आता बावन्नचा झालाय. बोलणं कमी. माणसाशी बोलतानाही तो त्याच्या खांद्यावरून मागच्या गाडीकडेच बघत असतो, असं त्याची बायको शालू चारचौघांत सांगते आणि तो नाकारत नाही.

त्याच्या कामाची एक रीत मात्र सगळ्या भाईंदरात ठाऊक आहे. गाडी खोलताना निघालेला प्रत्येक बोल्ट तो एका स्टीलच्या ताटात ठेवतो. ताट शालूच्या लग्नातलं, कडेला ठिपक्याठिपक्यांनी ‘सौ. शालिनी’ कोरलेलं. वीस वर्षांपूर्वी ‘दोन दिवस दे’ म्हणून खाली नेलं, ते परत काही वर आलं नाही. नव्या इंजिनाला न लागणारे जुने बोल्ट वेगळ्या डब्यात जातात, बाकीचे आपापल्या जागी बसतात आणि ताट रिकामं होतं. मग तो ते डिझेलने धुतो, फडक्याने पुसतो आणि खिळ्याला टांगतो. ताट खिळ्यावर गेलं की काम संपलं. वीस वर्षांत एकही बोल्ट ताटात उरला नाही, ही त्याची एकुलती एक बढाई, आणि ती तो कुणी न विचारताही ऐकवतो.

ऐकणारी मंडळीही तशीच भेटली आहेत. मीरा-भाईंदरमधल्या गाडीवेड्यांचा व्हॉट्सअ‍ॅपवर एक ग्रुप आहे, ‘बॉनेट उघडा’ नावाचा. आठवडाभर तिथे क्लच, गिअरबॉक्स आणि कुठल्या इंजिनाला कुठला रेडिएटर चालतो यावर वाद चालतात. रविवारी विषयांतराला मुभा असते. मग मीरा रोडच्या हंसाबेन आपल्या गच्चीतल्या कुंड्यांचे फोटो टाकतात, स्वप्नील फिशटँकमधल्या माशांना पिल्लं झाल्याची बातमी देतो, आणि उत्तनचा राघो, जो होड्यांची इंजिनं दुरुस्त करतो, तो लाकडाच्या छोट्या होड्या कोरून दाखवतो. बबनला कितीदा विचारलं, तुमचा छंद काय? त्याने आजवर एकदाही रविवारी फोटो टाकला नव्हता. टाकणार काय, कप्पाळ? कामाबाहेर त्याला काही दिसतच नव्हतं.

या ग्रुपमधला चंदन आहेर विमा कंपनीत नोकरीला. त्याने उत्तनजवळच्या पालीच्या किनाऱ्यावरची एक जुनी जीप विकत घेतली. ती तिथे वाळूवरून होड्या ओढायची. खाऱ्या हवेने तिचं इंजिन खाऊन टाकलेलं. बबनने चार महिने खपून तिच्यात दुसरं डिझेल इंजिन बसवलं, आरटीओचे कागद झाले, शालूने तिला नवी सीटकव्हरं शिवून दिली, आणि एका शनिवारी संध्याकाळी जीप एका चावीत सुरू झाली. बबन तिच्यासमोर पाच मिनिटं नुसता उभा राहिला. एवढं बरं त्याला पोरीच्या लग्नातसुद्धा वाटलं नव्हतं, हेही शालूचंच म्हणणं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला चंदन आईला घेऊन आला. आशाकाकूंचं माहेर घोटीला, कसारा घाट चढून पलीकडे. पहिली फेरी तिथेच करायची असं त्याने कधीच ठरवलं होतं. जाता जाता त्याने ग्रुपवर टाकलं, ‘घाट चढेपर्यंत फोन बंद. फक्त इंजिन ऐकणार.’ अशी ही माणसं. आई शेजारी बसलेली आणि हे इंजिन ऐकणार.

जीप गल्लीच्या तोंडाशी वळली. बबन समाधानाने आत आला, ताट धुवायला म्हणून हात पुढे केला, आणि त्यात एक बोल्ट होता.

बोटाच्या दोन पेरांएवढा. काळ्या डोक्याचा, शेपटाशी थोडा गंजलेला. बबनने तो उचलला आणि उजेडात धरला. काल संध्याकाळी ताट रिकामं होतं. होतं ना? आता त्याला छातीठोकपणे सांगता येईना. जीप सुरू झाल्याच्या आनंदात ताट धुवायचं राहिलं होतं, एवढंच खरं. त्याने बोल्टचे आटे तपासले. आटे इंची. नव्या इंजिनाचे सगळे बोल्ट मिलिमीटरचे, म्हणजे हा जुन्या जीपच्या अंगाचा. आणि जीपच्या अंगाला इंची बोल्टांनी काय काय धरलेलं असतं, ते त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? स्टीअरिंगसुद्धा त्याने याच हातांनी खोलून परत बसवलं होतं.

त्याने फोटो काढून ग्रुपवर टाकला. ‘चंदनच्या जीपचा बोल्ट ताटात राहिलाय. कुठला असेल?’ दहा मिनिटांत तीस उत्तरं आली आणि प्रत्येक उत्तर आधीच्यापेक्षा भयंकर. एक म्हणाला इंजिनाच्या पायाचा. दुसरा म्हणाला, छे, गिअरबॉक्सचा. तिसऱ्याने स्टीअरिंगचं नाव घेतलं आणि शप्पथ खाऊन सांगितलं. मध्येच कुणीतरी शुभ सकाळ आणि गुलाब पाठवला. शेवटी हंसाबेननी लिहिलं, ‘बबनभाई, सोचना बाद में. पहले गाडी रोको.’

चंदनचा फोन बंद. बबनने सहा वेळा लावला, सहाही वेळा बंद. एव्हाना जीप काशिमीरा सोडून घोडबंदर रस्त्याला लागली असणार. तासाभरात ठाणं मागे पडेल, मग भिवंडी, मग शहापूर, आणि मग घाट. घाटाच्या वळणावर आशाकाकू थर्मासमधला चहा ओतत असतील, असं काहीतरी त्याच्या डोळ्यांसमोर आलं.

राघो नेमका भाईंदरच्या मार्केटात मासळी पोचवायला आला होता. मेसेज वाचून तो स्कूटर घेऊन थेट गाळ्यावर हजर झाला. बबनने खिशात चार पाने कोंबले आणि मागे बसला. एवढ्यात वरून, गॅलरीतून, शालूचा आवाज आला.

“अहो, ताट बघितलंत का?”

“बघितलं. म्हणून तर चाललोय.”

“कुठे चाललात?”

पण स्कूटर निघाली होती.

देवाला दया आली म्हणा किंवा आपला घोडबंदर रस्ता म्हणा, त्या दिवशी गायमुखाच्या चढावर एक ट्रक बंद पडला होता आणि गाड्यांची रांग पार चेणं गावापर्यंत आली होती. एरवी या रस्त्याला शिव्या घालणारा बबन त्या सकाळी एकेका थांबलेल्या गाडीकडे कृतज्ञतेने बघत होता. राघो कडेकडेने स्कूटर काढत होता. चेणं येता येता हिरवी जीप दिसली. जागच्या जागी उभी, आणि आत आशाकाकू खरंच थर्मासमधून चहा ओतत होत्या.

बबनने चंदनच्या तोंडासमोर बोल्ट धरला. चंदनचा चेहरा पडला.

“आई आहे गाडीत, बबनभाऊ,” तो एवढंच म्हणाला.

ते लागलं. शिवी घातली असती तर बरं वाटलं असतं. बबनने खिशातून पाने काढले. जीप रस्त्याच्या कडेला घेतली आणि तो खाली शिरला. स्टीअरिंगचे बोल्ट, चारही जागेवर. इंजिनाचे पाय, घट्ट. गिअरबॉक्स झाला, स्टार्टर झाला, रेडिएटर झाला. प्रत्येकाला त्याने पाना लावला आणि प्रत्येक बोल्ट मोठ्याने मोजला. राघो वरून आकडे म्हणत होता. रांगेतले दोन ट्रकवाले उतरून आले आणि हिंदीतून सल्ले द्यायला लागले. पाऊण तासाने एकही जागा रिकामी सापडली नाही, तेव्हा त्याने पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतलं.

“बबनभाऊ, बस झालं,” चंदन खाली वाकून म्हणाला. “सगळे आहेत.”

सगळे होते. बबन बाहेर आला, कडेच्या दगडावर बसला, आणि त्याचा जीव भांड्यात पडला. मग त्याला हसू यायला लागलं. एकदा आलं ते थांबेचना. चंदनही हसायला लागला आणि आशाकाकूंनी डब्यातली थालीपिठं काढून सगळ्यांच्या हातावर ठेवली. ट्रकवाल्यांनाही मिळाली.

“पण मग हा कुणाचा?” बबनने बोल्ट वर धरला.

“तुमच्याच डोक्यातला हाय, ढिला होऊन पडला,” राघो म्हणाला. त्याने बोल्ट घेऊन नाकाशी नेला. “ह्याला डिझेलचा वास न्हाय. कसलं तरी पातळ तेल हाय.”

बबनने हुंगून बघितलं. खरंच होतं. आयुष्यभर वासावरून गाडीचं दुखणं सांगणारा माणूस, आणि सकाळपासून हा साधा वास त्याने घेतला नव्हता.

“सीटं मात्र झकास शिवलीत हं शालूने,” आशाकाकू म्हणाल्या. “ही एक शिवण तेवढी नागमोडी गेलीय. मला आपली शिवणकामाची सवय, दिसतं लगेच.”

“मशीन जुनं झालंय,” बबन थालीपीठ खात म्हणाला.

ट्रक हलला, रांग सुटली. “बिनधास्त जा,” बबनने सांगितलं, आणि जीप दिसेनाशी होईपर्यंत तो रस्त्यातच उभा राहिला. ग्रुपवर त्याने लिहिलं, ‘सगळे बोल्ट जागेवर. माझीच चूक.’ लगेच हात जोडलेली चित्रं, फुगे आणि टोमण्यांचा पाऊस पडला. हंसाबेननी एका फुललेल्या कुंडीचा फोटो टाकला. आज पहिल्यांदा बबनने तो मोठा करून बघितला. फूल गुलाबी होतं, कडेला गडद.

घरी आला तेव्हा शालू मशीनवर बसली होती. त्याने तिला सगळं सांगितलं, तिखटमीठ लावून. चेणं, ट्रकवाले, थालीपिठं, सगळं. एवढं सलग तो वर्षभरात बोलला नसेल. मग बोल्ट तिच्यासमोर ठेवला.

“आणि एवढं करून हा कुणाचा, कुणालाच पत्ता नाही.”

“माझा आहे,” शालू म्हणाली.

तिने पायाने मशीनच्या लोखंडी स्टँडचा खालचा भाग दाखवला. तिथे एक भोक रिकामं होतं आणि स्टँडच्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारलेली होती.

“तीन आठवडे झाले. स्टँड हलतो, शिवण वाकडी जाते, म्हणून चार वेळा सांगितलं तुम्हाला. चारही वेळा हो म्हणालात. नट त्या कपाटाखाली गेला. मग म्हटलं, बोल्टचं तोंड बघत बसण्यापेक्षा हे जिथे बघतात तिथे ठेवावा. काल चहा द्यायला आले तेव्हा ठेवला ताटात.”

“अगं, मग सकाळी सांगायचं नाही?”

“विचारलं की. ताट बघितलंत का म्हणून. तुम्ही म्हणालात, बघितलं, म्हणून तर चाललोय. मला वाटलं, नट आणायला चाललात. एवढं खूश व्हायला झालं मला, काय सांगू.”

जीप वाचली, आशाकाकू वाचल्या, आपली वीस वर्षांची बढाई शाबूत राहिली, सगळं खरं. पण आपण नट आणायला गेलो या भरवशावर बायको सकाळभर खूश होती, हेही तितकंच खरं. त्याला लाज वाटली. तो खाली गेला, इंची नट शोधला, वर येऊन जमिनीवर आडवा झाला आणि बोल्ट बसवला. पाच मिनिटं लागली. पुठ्ठा काढला. शालूने एक चिंधी घालून मशीन चालवलं आणि शिवण सरळ आली. तिने ती चिंधी त्याच्या हातात दिली, तपासून घ्या म्हणून.

मग त्याने मशीनचा फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. रविवारचा, विषय सोडून, पहिलाच. खाली लिहिलं, ‘बोल्ट इथला होता.’

संध्याकाळी त्याने आणखी एक काम केलं. ताट साबणाने तीनदा घासलं, डिझेलचा वास जाईपर्यंत, आणि वर आणून ओट्यावर ठेवलं.

“हे कशाला वर आणलंत?” शालूने विचारलं.

“तुझं आहे. मी डबा घेईन एखादा.”

तिने ताट हातात घेतलं, कडेच्या नावावरून बोट फिरवलं, आणि परत त्याच्या हातात दिलं.

“खालीच असू दे. पुढच्या वेळी मला काही सांगायचं असेल तर मी कुठे ठेवू?”

हे तिने रागाने म्हटलं नाही, तेच जास्त झोंबलं. बबन ताट घेऊन खाली गेला. खिळ्याला न टांगता त्याने ते बाकड्यावर, शटर उघडल्या उघडल्या दिसेल असं ठेवलं. सोमवारी ते रिकामं होतं. मंगळवारी सकाळी त्यात कुकरची शिटी होती. गाळ्यासमोर एक गिऱ्हाईक गाडी घेऊन उभं होतं. बबनने त्याला पाच मिनिटं थांबायला सांगितलं, शिटी उचलली आणि आधी वर गेला.