बावखलावर

पापडी गावचा प्लासिड त्या दिवशी हसला नसता तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण हसला.

सेहेचाळीसचा फेब्रुवारी. मुंबईत आरमारातल्या हिंदी खलाशांनी गोऱ्यांविरुद्ध संप पुकारला होता. प्लासिडही त्याच आरमारात, शेजारच्या वाडीतला विद्याधर त्याच्याबरोबरच भरती झालेला. एक देवळात जाणारा, दुसरा चर्चात, पण घरची बोली एकच. जहाजावरचा विद्याधर संपात उतरला. बराकीतला प्लासिड मात्र दोन डगरींवर हात ठेवून बसला. बायबलावर हात ठेवून राजाची शपथ घेतली होती म्हणे! शपथ कसली, भ्याला होता गडी.

तिसऱ्या दिवशी साहेबाने जहाजावरून आलेला, वाटेत पकडलेला संदेश बराकीत मोठ्याने वाचला, "उद्या सकाळी सगळे बावखलावर." पंजाबी, मद्रासी पोरं एकमेकांकडे बघत राहिली. संदेश होताच मुळी एकट्या प्लासिडसाठी. त्याला कळेल, तो बाकीच्यांना सांगेल, हा विद्याधरचा भरवसा. पण केळींना पाणी पाजायचं आपलं बावखल गोऱ्याच्या तोंडी ऐकून प्लासिडला फिस्सकन हसू फुटलं.

"तुला कळतं," साहेब म्हणाला. "बोल, त्यांचा की आमचा?"

"तळं, साहेब. पाण्याचं."

बराकीमागे पाण्याचा हौद एकच होता. सकाळी जहाजावरून तिथे आलेले नऊ जण धरले, त्यात विद्याधर. त्याला कैद झाली, नोकरी गेली. प्लासिडची राहिली.

सुट्टीवर आल्या आल्या त्याने फादरकडे पापनिवेदन केलं. फादर म्हणाले, "शपथ पाळलीस, यात पाप कुठलं?" झाली का पंचाईत! पापच नाही, तर क्षमा कशाची मागायची?

फितूर कोण ते विद्याधरला कळलं नव्हतं. सुटून आल्यावर तो वाडी बघू लागला. प्लासिड सुट्टीवर आलेला दिसला की बांधावरूनच हाक मारायचा, "ए पलासू!" त्या हाकेने प्लासिडला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. सहा वर्षं त्याने ती सोसली. मग एका सकाळी वाडीत जाऊन सगळं सांगून टाकलं, अगदी हसण्यासकट.

विद्याधर केळीची सुकी पानं काढत होता. हातातला कोयता त्याने खाली ठेवला, धोतराला हात पुसले आणि शाळेतल्या मास्तरांसारख्या शुद्ध मराठीत म्हणाला, "आपण उभे का? बसावं. चहा ठेवायला सांगतो."

शिव्या खायला आला होता प्लासिड, घरच्या बोलीतल्या.